विकिपीडियाचे प्रचालकपद : अधिकार थोडे, संयम फार

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतो, हे सर्वश्रुत आहे. मात्र जेथे कोणीही लिहू शकतो, तेथे कोणीही नासधूसही करू शकतो. एखाद्या थोर व्यक्तीवरील लेखात मध्यरात्री कोणी शिवीगाळ लिहून जातो, कोणी छापील पुस्तकाची चार पाने जशीच्या तशी उतरवतो, तर कोणी स्वतःच्या व्यवसायाची जाहिरात लेख म्हणून चढवतो. असा मजकूर पुसण्याचे काम कोणताही सदस्य करू शकतो. परंतु संपूर्ण पान वगळणे किंवा उपद्रवी सदस्याला लिहिण्यापासून रोखणे यांसाठी वेगळे अधिकार लागतात. ते ज्यांच्याकडे सोपवलेले असतात, त्यांना मराठी विकिपीडियावर ‘प्रचालक’ म्हणतात.

अधिकार कोणते?

प्रचालकाकडे प्रामुख्याने तीन साधने असतात. पहिले, पान वगळणे आणि वगळलेले पान परत आणणे. दुसरे, वादग्रस्त पान काही काळ सुरक्षित करून त्यातील बदलांवर बंधन घालणे. तिसरे, एखाद्या सदस्याला ठरावीक मुदतीसाठी वा बेमुदत प्रतिबंधित करणे.

लेखात काय लिहावे, याबाबत मात्र प्रचालकाचे मत इतर कोणाही सदस्याइतकेच असते. तो मुख्य संपादक नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर या पदाचे चिन्ह म्हणून फरशी पुसण्याचा दांडा गंमतीने वापरला जातो. पदाचे स्वरूप त्यातून पुरेसे स्पष्ट व्हावे. या कामाला वेतन नाही आणि मानधनही नाही.

पात्रता काय लागते?

विशिष्ट पदवी किंवा संगणकशास्त्राचे शिक्षण यांची अट नाही. इंग्रजी विकिपीडियावर औपचारिक अट अगदी किरकोळ आहे. खाते किमान ३० दिवसांचे आणि त्यावरून किमान ५०० संपादने झालेली असली, की उमेदवारी दाखल करता येते. प्रत्यक्षात एवढ्या अनुभवावर कोणी निवडून येत नाही. काही हजार संपादने आणि वर्ष-दीड वर्षाचे सातत्य असावे, अशी मतदारांची सर्वसाधारण अपेक्षा असते.

संख्येपेक्षा बारकाईने पाहिली जाते ती वागणूक. विकिपीडियावरील प्रत्येक बदल आणि प्रत्येक चर्चा इतिहासात जपून ठेवलेली असते. उमेदवाराने तीन वर्षांपूर्वी रागाच्या भरात लिहिलेले वाक्यही मतदार शोधून काढतात. नवख्याची चूक त्याने कशी दाखवून दिली, स्वतःची चूक कशी मान्य केली, कोणते लेख वगळावेत अशी शिफारस केली आणि ती कितपत योग्य ठरली, या साऱ्यांची छाननी होते. स्वतः लेख लिहिण्याचा अनुभव नसलेल्या उमेदवाराबद्दलही साशंकता असते; लेख उभा करण्याचे कष्ट ज्याने घेतलेले नाहीत, त्याला तो वगळण्याचे गांभीर्य कळेल का, असा प्रश्न विचारला जातो.

निवड कशी होते?

इंग्रजी विकिपीडियावर उमेदवारीवर सात दिवस उघड चर्चा चालते. सदस्य प्रश्न विचारतात आणि पाठिंबा वा विरोध सकारण नोंदवतात. पाठिंबा ७५ टक्क्यांहून अधिक असल्यास निवड बहुधा होते आणि ६५ टक्क्यांखाली असल्यास बहुधा होत नाही. मधल्या पट्ट्यात ‘ब्युरोक्रॅट’ म्हणून ओळखले जाणारे अनुभवी सदस्य युक्तिवादांचे वजन पाहून निर्णय देतात.

ही छाननी पुढे इतकी कठोर झाली, की उमेदवारच मिळेनात. २००७ मध्ये या मार्गाने ४०८ प्रचालक निवडले गेले होते. २०२१ मध्ये केवळ सात. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदानाने निवडणूक घेण्याचा प्रयोग झाला. तीत ३२ उमेदवारांपैकी ११ जण निवडून आले.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. येथील समाज लहान असल्याने प्रक्रियाही सुटसुटीत आहे. सामुदायिक चर्चेच्या पानाला येथे ‘चावडी’ हे अस्सल गावरान नाव आहे, तर आपोआप कामे उरकणाऱ्या आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ म्हणतात. लहान समाजाची अडचण मात्र वेगळी आहे. सक्रिय सदस्य मोजकेच असल्याने प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. ज्याच्याशी काल वाद झाला, त्याच्याच लेखाविषयी आज निर्णय देण्याची वेळ येते.

खरी कसोटी

अशा प्रसंगासाठी विकिपीडियाचा एक मूलभूत नियम आहे : ज्या वादात प्रचालक स्वतः पक्षकार आहे, तेथे त्याने आपले अधिकार वापरू नयेत, दुसऱ्या प्रचालकाकडे प्रकरण सोपवावे. उघड नासधूस एवढाच याला अपवाद. दुसरे तत्त्व प्रतिबंधाविषयी आहे. प्रतिबंध ही शिक्षा नव्हे. पुढील नुकसान टाळण्याचा तो उपाय आहे. उपद्रव थांबला असेल, तर केवळ धडा शिकवण्यासाठी कोणाला रोखू नये. तिसरे, दुसऱ्या प्रचालकाचा निर्णय पटला नाही, तरी तो परस्पर फिरवण्याऐवजी आधी चर्चा करावी.

ही तत्त्वे सांगायला सोपी आहेत. समोरचा सदस्य जात, धर्म किंवा पक्ष काढून आरोप करू लागला, की ती पाळणे कठीण जाते. नियम तोंडपाठ असूनही अनेक उमेदवार याच कसोटीवर नापास होतात.

पद तहहयात नसते. इंग्रजी विकिपीडियावर दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास अधिकार काढून घेतले जातात. गंभीर गैरवापराच्या तक्रारींचा निवाडा लवाद समिती करते. २०२४ पासून सदस्यांनाही प्रचालकाला परत बोलावण्याची मागणी करता येते. तीस दिवसांत २५ जणांनी पाठिंबा दिल्यास प्रचालकाला पुन्हा समाजाचा विश्वास मिळवावा लागतो, अन्यथा पद जाते.

जोखीमही विचारात घ्यावी

प्रचालकाने खरे नाव जाहीर करण्याची सक्ती नाही आणि अनेकजण टोपणनावानेच काम करतात. तरीही टोपणनाव म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हे भारतातील अलीकडच्या घटनांतून दिसले. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिमीडिया फाउंडेशनविरुद्ध बदनामीचा दावा दाखल केला. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तीन सदस्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाच्या काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदवला. फावल्या वेळात, विनावेतन केलेल्या कामातूनही कायदेशीर प्रश्न उभे राहू शकतात, याची जाणीव इच्छुकांनी ठेवलेली बरी.

सुरुवात कोठून करावी?

प्रचालक होण्याच्या उद्देशाने विकिपीडियावर येणारा सहसा प्रचालक होत नाही. आधी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यात, विधानांना संदर्भ जोडावेत, अपुरे लेख पूर्ण करावेत. ‘अलीकडील बदल’ या पानावर नजर ठेवून नासधूस उलटवावी. तसे करताना चुकलेल्या नवख्याला दोन ओळींत कारण समजावून सांगावे. वर्ष-दोन वर्षे हे काम शांतपणे केल्यावर बहुधा दुसराच कोणी अनुभवी सदस्य उमेदवारीसाठी नाव सुचवतो. तोवर या कामापैकी बहुतांश भाग कोणत्याही अधिकाराशिवाय करता येतो, हेही लक्षात आलेले असते.