हायकोर्टाचे दोन जिने

आमचं घर लालबागचं. आजोबा गिरणीत होते. राहत्या खोलीचा त्यांचा एक खटला फिरत फिरत हायकोर्टापर्यंत गेला होता (खोली राहिली, काळजी नसावी). त्यामुळे लहानपणी फोर्टात गेलो, की त्यांची कॉमेंटरी ठरलेली, "तिथे साहेबाचा जिना वेगळा आणि आपला वेगळा." मला वाटायचं, ही आपली म्हण आहे. गरीब-श्रीमंत वगैरे.

मागे एका शनिवारी हेरिटेज वॉकबरोबर आत जायला मिळालं आणि कळलं, की आजोबा शब्दशः खरं बोलत होते!

पण आधी थोडा इतिहास. मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं १८६२ साली. १५ न्यायाधीशांना परवानगी होती, सुरुवात झाली ७ जणांवर. तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या अ‍ॅडमिरल्टी हाऊसमध्ये काम चाले. त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जागा झाली, पैसा आला. मग मैदानाच्या कडेला समुद्राकडे तोंड करून सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशी रांगच उभी राहिली. होय, समुद्राकडे. मरीन ड्राइव्हच्या इमारती मध्ये आल्या त्या फार नंतर.

हायकोर्टाचं डिझाईन कर्नल जेम्स फुलरचं. काम एप्रिल १८७१ ला सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ ला संपलं. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. प्रोजेक्ट बजेटच्या आत!

भिंतींना निळसर काळा बसाल्ट. खांब, कमानी, नक्षी यांना पोरबंदरचा दगड, शिवाय कुर्ल्याचा आणि शिवडीचा. शिवडी म्हणजे आमच्या परळच्या शेजारची. तेव्हा साहेबाच्या गॉथिकमध्ये थोडे आपणही आहोत.

आता जिने. पश्चिमेला, म्हणजे ओव्हलकडे, मोठ्या कमानीच्या दोन बाजूंना दोन अष्टकोनी मनोरे दिसतात ना? रस्त्यावरून वाटतं, शोभेचे असतील. त्यांच्या पोटात जिने आहेत, आणि ते बांधले न्यायाधीशांच्या खाजगी वापरासाठी. बाकीच्यांचा मुख्य जिना पूर्वेला. म्हणजे पक्षकार आणि न्यायाधीश एकाच इमारतीत शिरून थेट कोर्टरूममध्येच समोरासमोर यावेत, अशी ही रचना. याला कारणही आहे. न्यायाधीशाला वाटेत कुणी गाठू नये हे बरंच. पण समुद्राकडची दर्शनी बाजू कुणाला मिळाली, तेही बघून ठेवा.

आत माकडंही आहेत. एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं आणि तिरका तराजू धरलेलं माकड म्हणजे न्यायाधीश, गळ्याला बँड लावलेला कोल्हा म्हणजे वकील. कोरीव कामाचा एक पारशी उपकंत्राटदार मूळ कंत्राटदाराविरुद्ध केस हरला आणि त्याने असा सूड घेतला, म्हणे. दंतकथाच ही. पण हरलेल्या माणसाची बाजू त्या दगडात तेवढी एकच असेल, म्हणून ती मला खरी वाटावीशी वाटते.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती सेंट्रल कोर्टाच्या दारात. जुलै १९०८ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथे चालला. न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, २१ तासांहून जास्त. ज्यूरीने ७ विरुद्ध २ असं दोषी ठरवलं. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता.

आणि मग या इमारतीत ज्यांना कुठलाच जिना नव्हता, ते लोक बोलले. गिरण्या सहा दिवस बंद. लालबाग, परळ, सगळं गिरणगाव रस्त्यावर. गोळीबार झाला, माणसं मेली. आमचे पणजोबा तेव्हा गिरणीत होते. पणजोबांनी हायकोर्ट बाहेरूनही पाहिलं नसेल कदाचित.

१९५६ साली न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते त्याच कोर्टाबाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी लागली. निकाल काहीही असो, मी निर्दोष आहे, हा त्याचा मथितार्थ. ज्या संस्थेने शिक्षा दिली तिनेच आरोपीचं म्हणणं आपल्या भिंतीवर लावलं. हे मला अख्ख्या मनोऱ्यापेक्षा उंच वाटलं.

२०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हायकोर्ट आलं. पण ७ न्यायाधीशांवर सुरू झालेल्या कोर्टाची मंजूर संख्या आता ९४ आहे. नागपूर, औरंगाबाद, गोवा धरून असली तरी हा लोड जुन्या इमारतीला झेपणारा नाही. म्हणून वांद्र्याला नवीन संकुल व्हायचंय. भूमिपूजन सप्टेंबर २०२४ ला झालं. व्हायलाच हवं, त्यात वाद नाही.

फक्त नकाशा काढणाऱ्यांना एक विनंती. तारखेला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक, पाणी आणि सापडेल असा जिना आधी काढा. मनोरे मग.

असो. आजोबा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं, "माकडं बघून आले. आणि तुमचा जिनाही."