केंद्रक व कोशिकाद्रव्य यांमधील प्रथिनांची वाहतूक : संशोधनाचा इतिहास

केंद्रक असलेल्या कोशिकांमध्ये (सजीवांच्या शरीरातील सूक्ष्म घटकांमध्ये) प्रथिने कोशिकाद्रव्यात तयार होतात. त्यांच्या रचनेचा आराखडा ज्यात असतो ते डीएनए मात्र केंद्रकात असते. त्यामुळे डीएनएला गुंडाळून ठेवणारी हिस्टोने, त्याची प्रत काढणारी एंझाइमे व जीनांचे नियंत्रण करणारी प्रथिने यांना कोशिकाद्रव्यातून केंद्रकात जावे लागते, तर काही प्रथिनांना काम होताच बाहेर यावे लागते. ही ये-जा केंद्रकाच्या दुहेरी पटलातील छिद्रांमधून होते. ही छिद्रे नुसती भोके नसून निवड करणारी यंत्रणा आहे, हे स्पष्ट होण्यास सुमारे अर्धशतक लागले.

छिद्रांचा शोध : रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये केंद्रकाला नाव दिले, परंतु त्याच्या आवरणाची रचना साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आटोक्याबाहेर होती. १९५० मध्ये एच्. जी. कॅलन व एस्. जी. टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडकोशिकांमधील केंद्रकाचे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यावर छिद्रे आढळली. लेस्टर गोल्डस्टाइन यांनी १९५८ मध्ये किरणोत्सर्गी खूण केलेले अमीबाचे केंद्रक दुसऱ्या अमीबात बसविले. खूण असलेली प्रथिने यजमानाच्या मूळ केंद्रकात जाऊन पोहोचली. प्रथिने केंद्रकात कायमची अडकलेली नसतात, हे यावरून दिसले. कार्ल फेल्डहर यांनी १९६० नंतरच्या दशकात सोन्याचे कलिल कण अमीबात टोचून ते छिद्रांच्या मध्यभागातून आत जातात असे दाखविले. पुढे १९७५ मध्ये पी. एल्. पेन व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या आकारमानांचे डेक्स्ट्रानाचे रेणू वापरून विसरणास मोकळा असलेला मार्ग सुमारे ९ नॅनोमीटर व्यासाचा असल्याचे अनुमान काढले. लहान रेणू त्यातून आपोआप जाऊ शकतात. सुमारे ४०,००० डाल्टनपेक्षा अधिक वस्तुमानाच्या प्रथिनांना मात्र अडथळा होतो.

निवड कोठे होते? : मग मोठी प्रथिने केंद्रकात साठतात कशी? याविषयी दोन मते होती. एका मताप्रमाणे प्रथिने कशीबशी आत शिरतात व डीएनएसारख्या घटकांना चिकटून तेथेच राहतात. दुसऱ्या मताप्रमाणे निवड प्रवेशाच्या वेळीच होते. मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग किल्ल्याचा दाखला घ्यावयाचा, तर आत कोण असावे हे दरवाजावरील पहारा ठरवितो, की आत गेलेला मनुष्य काही कामामुळे तेथे थांबतो, असा हा प्रश्न होता. जे. बी. गर्डन व डब्ल्यू. एम्. बॉनर यांनी बेडकाच्या अंडकोशिकांत प्रथिने टोचून काही प्रथिने केंद्रकातच साठतात हे दाखविले होते. पण तेवढ्याने वाद मिटत नव्हता.

१९८२ मध्ये सी. डिंगवॉल, एस्. शार्निक व आर्. ए. लास्की यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यातील न्यूक्लिओप्लाझ्मीन या प्रथिनावर निर्णायक प्रयोग केला. या प्रथिनात पाच समान घटक असून प्रत्येकास गाभा व शेपटी असे भाग असतात. शेपट्या काढून उरलेला गाभा कोशिकाद्रव्यात टोचला, तर तो केंद्रकात जात नसे. तोच गाभा थेट केंद्रकात टोचला, तर तेथेच राहत असे. प्रवेशासाठी एक शेपटीही पुरेशी होती. म्हणजे शेपटी आत राहण्यासाठी नव्हे, तर आत जाण्यासाठी आवश्यक होती.

ओळखखूण : ही खूण कशी असते, हे १९८४ मध्ये डी. कॅल्डेरॉन, ए. ई. स्मिथ व सहकाऱ्यांनी एसव्ही-४० या व्हायरसाच्या प्रथिनावरून दाखविले. ती अवघ्या सात ॲमिनो अम्लांची असून त्यांतील पाच लायसीन व आर्जिनीन ही क्षारधर्मी अम्ले आहेत. त्यांतील एका लायसिनाच्या जागी दुसरे अम्ल येताच प्रथिन बाहेरच राहिले. उलट ही खूण जोडल्यावर एरवी कोशिकाद्रव्यात राहणारे पायरूव्हेट कायनेज हे एंझाइम केंद्रकात गेले. ही खूण प्रवेशानंतर कापली जात नाही. प्राण्यांमध्ये कोशिकाविभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळते व नंतर प्रथिनांना पुन्हा आत जावे लागते. त्यामुळे ती टिकून राहणे आवश्यक असते. त्याच वर्षी फेल्डहर व सहकाऱ्यांनी न्यूक्लिओप्लाझ्मिनाचा लेप दिलेले सोन्याचे कण छिद्रांतून जाताना पाहिले.

वाहक व दिशा : १९८८ मधील प्रयोगांवरून छिद्राशी बांधले जाणे व ऊर्जेच्या साहाय्याने पलीकडे जाणे या दोन वेगळ्या पायऱ्या असल्याचे दिसून आले. १९९० मध्ये एस्. ए. ॲडम, लॅरी गेरेस व सहकाऱ्यांनी डिजिटोनिनाने कोशिकेचे बाह्य पटल सच्छिद्र करून ही वाहतूक बाहेरून पुरविलेल्या द्रवावर चालविली. या पद्धतीमुळे आवश्यक घटक वेगळे करता आले. १९९३ मध्ये रॅन हे प्रथिन आणि १९९४-९५ मध्ये इंपोर्टीन हे वाहक ओळखले गेले. वाहक ओळखखूण धरून माल आत नेतो. केंद्रकात जीटीपी (ग्वानोसीन ट्रायफॉस्फेट) जोडलेले रॅन त्यास चिकटताच माल सुटतो. जीटीपीयुक्त रॅन केंद्रकात विपुल, तर बाहेर अत्यल्प असते. या फरकामुळेच वाहतुकीस दिशा मिळते.

बाहेर जाण्याची खूण १९९५ मध्ये एचआयव्हीचे रेव्ह व प्रथिन-कायनेज रोधक या प्रथिनांत आढळली. तिचा वाहक सीआरएम-१ हा १९९७ मध्ये निश्चित झाला. प्रथिनांवर मुक्कामाच्या अंगभूत खुणा असतात, या व्यापक शोधाबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महत्त्व : प्रत्येक छिद्र-संकुल सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो रेणूंचे व अष्टविध सममितीचे असते. त्यातील लवचिक धाग्यांची जाळी वाहकांना वाट देते व इतर मोठ्या रेणूंना रोखते. छिद्रे केंद्रकाच्या आतील बाजूच्या लॅमीन प्रथिनांच्या जाळ्याशी जखडलेली असतात. हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात वीणा परनाईक यांनी लॅमिनांवर दीर्घकाळ संशोधन केले असून लॅमीन-ए मधील बिघाडांमुळे काही प्रकारचे स्नायुक्षय रोग होतात. अनेक कर्करोगांत अर्बुदरोधक प्रथिने सीआरएम-१ मुळे केंद्रकाबाहेर जाऊन निष्प्रभ होतात. हा वाहक रोखणारे सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत बहुमज्जार्बुदावर मान्य झाले. बेडकाच्या अंड्यातील एका प्रथिनाच्या शेपटीपासून सुरू झालेला हा शोध अशा रीतीने रुग्णाच्या औषधोपचारापर्यंत येऊन पोहोचला आहे.