चार मीटरला एक मिलिमीटर कमी

२०२५च्या दिवाळीत भाचा घरी आला होता. समोर फराळाचं ताट, पण गड्याचं सगळं लक्ष मोबाईलमधल्या एक्सेल शीटकडे. घराण्याचा गुण, दुसरं काय! बायकोला सातवा महिना, मोठी लेक चार वर्षांची, आई-वडील बरोबर राहतात, आणि हाताशी असलेली हॅचबॅक आताच तोकडी पडतेय. बरीच छाननी करून त्याच्या यादीत दोन गाड्या उरल्या होत्या : टाटाची नेक्सॉन आणि मारुतीची ब्रेझा.

"मामा, एक कळत नाही. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्ही पेट्रोल. मग एकीवर अठरा टक्के जीएसटी आणि दुसरीवर चाळीस, हे कसं काय?"

छोटं उत्तर सोपं आहे. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी, ब्रेझाचं १४६२. छोटी गाडी म्हणवून घ्यायला पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत लागतं. पण त्याचा पुढचा प्रश्न लगेच आला, "बाराशेच का? आणि चारच मीटर का?" तेव्हा चिवडा संपेपर्यंत जे सांगितलं, ते जरा नीट लिहून काढतोय. कारण ह्याच रेषेने बारा वर्षांपूर्वी मलाही छळलं होतं.

गोष्ट सुरू होते २८ फेब्रुवारी २००६ला. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरची एक्साईज ड्यूटी २४ टक्क्यांवरून १६वर आणली. भारत हे छोट्या गाड्या बनवण्याचं जागतिक केंद्र व्हावं, असा विचार त्यामागे होता. आता सवलत द्यायची म्हणजे 'छोटी' म्हणजे काय ते सांगावं लागतं. ती व्याख्या अशी : लांबी ४००० मिमीपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा आणि डिझेल १५०० सीसीपेक्षा मोठं नको. बस्स, एवढंच. एका वाक्याची व्याख्या.

आम्ही प्रोग्रामर लोक हे रोज बघतो. 'इफ' कंडिशनमध्ये एखादा आकडा टाका, की सगळे त्या आकड्याच्या अलीकडे येऊन उभे राहतात. झालंही तसंच. स्विफ्ट २००५मध्ये आली ती १२९८ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह. अंगाने चांगली लहान, पण इंजिनाने सवलतीच्या बाहेर. २०१०मध्ये तिला ११९७ सीसीचं इंजिन मिळालं. तुमच्या आसपासच्या गाड्यांची कागदपत्रं काढून बघा, ११९७, ११९८, ११९९ ह्या आकड्यांची जत्राच दिसेल. मग आल्या शेपूट कापलेल्या सेडान. टाटांनी २००८मध्ये इंडिगोची डिकी आखडून इंडिगो सीएस आणली. मारुतीची पहिली डिझायर ४१६० मिमीची होती. २०१२मध्ये नवी आली ती ३९९५ची. तिच्याकडे बाजूने पाहिलं की सुतार मधेच चहाला उठून गेल्यासारखं वाटायचं. पण खपली मात्र धडाधड.

रेषेच्या पलीकडे राहिलेल्यांचं काय झालं, त्याचं उदाहरण आपल्या नाशिकचंच आहे. महिंद्र आणि रेनो यांनी मिळून २००७मध्ये तिथे लोगान बनवायला घेतली. मुळात रोमानियात, कमी पैशात मोठी गाडी पाहिजे असणाऱ्या कुटुंबांसाठी घडवलेली. आत ऐसपैस, डिकी तर गोदामासारखी. पण लांबी जवळजवळ सव्वाचार मीटर, म्हणजे जिचं सारं भांडवल स्वस्ताई, तिच्यावर कर मोठ्या गाडीचा. एकट्या ह्याच कारणाने ती पडली असं मी म्हणणार नाही, दिसायलाही ती खोक्यासारखीच होती. पण किमतीचं गणित तिथे फसलं हे नक्की. २०१०मध्ये रेनोने आपला हिस्सा महिंद्रला विकला, गाडीचं नाव पुढे व्हेरिटो झालं, आणि २०१३मध्ये तिचीही डिकी कापून चार मीटरच्या आतली 'व्हाइब' निघाली. ह्या लोगानला लक्षात ठेवा, तिचं भावंड पुढे येणार आहे.

त्या व्याख्येत एक मोठी फट होती. लांबी मोजली, इंजिन मोजलं. उंची आणि रुंदी मोजलीच नाही. जपानमध्ये असले नियम फार आधीपासून आहेत, पण तिथे छोट्या गाडीच्या वर्गासाठी लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ आणि उंची २ मीटर, अशी सगळीकडून भिंत घातलेली असते. आपल्याकडे नुसती लांबी. मग गाडी मोठी दिसायला हवी, आणि लांब तर करता येत नाही, तर काय कराल? चाळीत करतात तेच. वर माळा चढवाल.

हे सर्वात आधी ओळखलं ते प्रीमियरने. हो, पद्मिनीवालीच प्रीमियर. (पद्मिनी स्वतः चार मीटरच्या आतली, इंजिन १०८९ सीसीचं. २००६च्या व्याख्येत ती 'छोटी गाडी' ठरली असती, आणि तिच्यातून सहा माणसं डिकीत वळकट्या टाकून महाबळेश्वरला जात असत. असो.) २००९च्या डिसेंबरात चिंचवडच्या कारखान्यातून रिओ बाहेर पडली : मूळ जपानी दाइहात्सू टेरिऑस, चीनच्या झोट्ये कंपनीमार्गे आलेली. चार मीटरच्या आतली, डिझेल, उंच, पण अंगाने अगदी अरुंद. ती फारशी चालली नाही. २०१२मध्ये महिंद्रने झायलोची शेपटी छाटून क्वांटो आणली, तीही रेंगाळली. कल्पना बरोबर होती, पण गाड्या जोडकाम केल्यासारख्या वाटायच्या.

आणि मग त्या दोघी आल्या.

रेनो डस्टर, जुलै २०१२, सुरुवात ७ लाख १९ हजारांपासून. फोर्ड इकोस्पोर्ट, जून २०१३, सुरुवात ५ लाख ५९ हजारांपासून. दोन्ही चेन्नईजवळच बनत. त्या वर्षी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. आमच्या घरी दुसऱ्या बाळाची चाहूल लागलेली, आई गुडघ्यांनी हैराण, त्यामुळे उंच सीटची गाडी हवी हे ठरलेलं. प्रश्न एवढाच, ही की ती.

डस्टर म्हणजे त्या लोगानचंच भावंड, त्याच सांगाड्यावर बेतलेलं. लांबी ४३१५ मिमी. मूळ गाडी युरोपासाठी घडवली तेव्हा दिल्लीतली चार मीटरची रेषा कोणाच्या डोक्यातही नसणार. इकोस्पोर्टचं बरोबर उलटं. तिची पहिली पिढी २००३पासून ब्राझीलमध्ये विकली जात होती, पण दुसरीचा पडदा उघडला तो २०१२च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये. आपल्याकडची लांबी ३९९९ मिमी! चार मीटरला एक मिलिमीटर कमी. तेही मागच्या दाराला लटकवलेली स्टेपनी न धरता. पट्टी घेऊन मोजायला जाल तर गाडी चार मीटरच्या बरीच पुढे जायची, पण कागदावर ३९९९.

मला खरी मजा वाटली ती करांच्या कोष्टकाची. २०१३मध्ये छोट्या गाडीवर १२ टक्के एक्साईज आणि चार मीटरहून लांब पण १५०० सीसीच्या आतल्या गाडीवर २४ टक्के. कारखान्यातली किंमत पाच लाख धरली, तर एकीवर साठ हजार आणि दुसरीवर एक लाख वीस हजार. त्यात २०१३च्या अर्थसंकल्पात पुन्हा चिदंबरमच, आणि पुन्हा एक व्याख्या : लांबी ४ मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी किंवा जास्त असेल तर ती एसयूव्ही, आणि कर ३० टक्के. आता डस्टर बघा. क्लिअरन्स २०५ मिमी, म्हणजे अटी जुळल्या. पण तिचं डिझेल इंजिन १४६१ सीसीचं, म्हणून डिझेल डस्टर कायद्याने एसयूव्ही नव्हेच! पेट्रोल डस्टर १५९८ सीसीची, ती मात्र एसयूव्ही. पत्रा तोच, चाकं तीच, उंची तीच. इकोस्पोर्टचंही तसंच. एक लिटरचं पेट्रोल आणि दीड लिटरचं डिझेल सवलतीत. दीड लिटरचं पेट्रोल मात्र सवलतीबाहेर. आणि गंमत अशी की ५ लाख ५९ हजारांची सर्वात स्वस्त इकोस्पोर्ट हीच दीड लिटर पेट्रोलवाली, म्हणजे जास्त कर भरणारी होती. एका कंपनीने तर आपल्या एसयूव्हीच्या एका मॉडेलचा क्लिअरन्स १६० मिमीवर उतरवला. खड्डे तेवढेच राहिले, गाडी मात्र करापुरती खाली बसली. :-)

आम्हाला डिझेलच हवं होतं, आणि तीही सरकारचीच करणी. पेट्रोलचे भाव जून २०१०मध्ये मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४पर्यंत बांधून ठेवले होते. मे २०१२मध्ये दिल्लीत दोन्हींतला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेला होता. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवणारा माणूस पेट्रोल घेईल कशाला? (ह्या हिशेबात डिझेलचा धूर कोणाच्या नाकात जातो, ही रांग नव्हती. आज लाज वाटते.)

माझ्या शीटमध्ये तेवीस रांगा होत्या. दोन गुण इकडे, तीन तिकडे, बेरीज जवळपास सारखीच येत होती. शेवटी आई म्हणाली, "अरे, ते कॉम्प्युटरवरचं पुरे. एकदा बसून बघू या की." मग एका शनिवारी सगळी वरात दोन्ही शोरूममध्ये. मागे आई, मध्ये लेकीची कार सीट, पलीकडे बायको. डस्टर १८२२ मिमी रुंद, इकोस्पोर्ट १७६५. शीटवर हा फरक सत्तावन्न मिलिमीटरचा, म्हणजे चार बोटांचा. मागच्या सीटवर तो आईच्या खांद्याचा होता. चाकांमधलं अंतर एकीत २६७३ मिमी, दुसरीत २५२०. तो फरक म्हणजे गुडघे. डिकी ४७५ लिटर आणि ३४६ लिटर. म्हणजे घडीची प्रॅम अधिक दोन बॅगा, किंवा नुसती प्रॅम. इकोस्पोर्ट चालवायला जास्त मजेची होती, आमच्या सोसायटीच्या दोन खांबांमधे सहज मावली असती आणि पैसेही वाचले असते. दोघंच असतो तर मी डोळे झाकून तीच घेतली असती. आम्ही डस्टर घेतली. चार मीटरच्या पुढच्या एकतीस सेंटीमीटरसाठी सरकारला जास्तीचा कर भरला, आणि मागे बसलेल्यांनी तो वसूल केला.

पण त्या शीटमधली एक गोष्ट मला अजून टोचते. एअरबॅग्जची रांग म्युझिक सिस्टिमच्या खाली होती, आणि तिला गुण त्याहून कमी. २०१३मध्ये कुणीच तो प्रश्न विचारत नव्हतं. निदान आमच्या कॅन्टीनमध्ये नाही. ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्या आपटून पाहायला सुरुवात केली ती जानेवारी २०१४मध्ये, आणि एअरबॅग नसलेल्या पाचही लोकप्रिय छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले. २०१७मध्ये एअरबॅग नसलेल्या डस्टरलाही शून्यच. चालकापुढची एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९चा जुलै उजाडला. सरकारने लांबी मोजली, सीसी मोजले, जमिनीपासूनची उंची मोजली. धडक बसल्यावर माझ्या लेकीचं काय होईल, ते करासाठी कुणी मोजत नव्हतं. आणि सरकारला काय बोलायचं, मी तरी कुठे मोजलं होतं?

पुढचं थोडक्यात. २०१६मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७मध्ये रांजणगावला बनणारी नेक्सॉन, २०१९मध्ये नाशिकची एक्सयूव्ही ३००. सगळ्या चार मीटरला पाच-सहा मिलिमीटर कमी. ह्यातल्या नेक्सॉनने डिसेंबर २०१८मध्ये पाच तारे मिळवले, भारतात बनलेली अशी पहिली गाडी. फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि इकोस्पोर्ट गेली. आमच्यासारखी डस्टर २०२२मध्ये बंद झाली. एक्साईज जाऊन २०१७मध्ये जीएसटी आला, रेषा तीच. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले : छोटी गाडी १८ टक्के, बाकी ४०. रेषा तीच. २००६मध्ये जन्मलेली मुलं तोवर मतदार झाली होती.

आणि डिझेल मागे पडल्यावर एक वेगळाच पेच झाला. पहिली विटारा ब्रेझा फक्त डिझेल होती, १२४८ सीसी, आरामात सवलतीत. २०२०मध्ये डिझेल बंद करून तिला १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन दिलं, आणि चार मीटरच्या मापाने बेतलेली गाडी इंजिनामुळे रेषेपलीकडे गेली. शेपूट कापलेली ती कापलेलीच, वर कर मोठ्या गाडीचा. भाच्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे असं आहे.

"पण मग घेऊ कुठली?" तो म्हणाला. मी त्याची शीट पाहिली. एकतीस रांगा. एअरबॅग्ज आणि क्रॅश टेस्ट अगदी वरती, हे बघून बरं वाटलं. डिकी ३८२ लिटर आणि ३२८ लिटर, हेही लिहिलेलं. मागे तिघं बसवून पाहिलंय का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला.

माळ्यावर आमची २०१३ची प्रॅम अजून होती. खाली काढली, धूळ झटकली, चाकं फिरताहेत का बघितलं. ती आता त्याच्याकडे आहे. शनिवारी दोन्ही शोरूमला घेऊन जाणार होता, ताईला आणि लेकीच्या कार सीटलाही.