सुरतमध्ये गाडी चालवताय? ॲम्ब्युलन्सला वाट देणे हे सौजन्य नव्हे, कायदा आहे

सुरत : नवापूर, नंदुरबार भागातून गंभीर रुग्ण अनेकदा थेट सुरतला हलवले जातात. सोनगढ, व्यारा, बारडोली असा रस्ता कापत ॲम्ब्युलन्स शहरात पोहोचते आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकते. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खान्देशातली हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कुणी रिक्षा चालवतो, कुणी टेम्पो, कुणी बाईकवर कामाला जातो. मागून सायरन वाजला तर कायद्याने नेमके काय करायचे, हे या प्रत्येकाला माहीत हवे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि कलम 194-ई आले. 1 सप्टेंबर 2019 पासून ते लागू आहे. अग्निशमन बंब, ॲम्ब्युलन्स किंवा राज्य सरकारने ठरवलेले इतर आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक गाडी रस्त्याच्या कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा केंद्राचा असल्याने गाडीचा नंबर एमएच असो की जीजे, नियम सारखाच.

मग दंडाचे आकडे वेगवेगळे का ऐकू येतात? कोर्टात न जाता जागेवर भरून प्रकरण मिटवायची रक्कम कलम 200 खाली राज्य सरकार ठरवते. गुजरात सरकारने सप्टेंबर 2019 मध्येच अशा अनेक रकमा कमी केल्या. पण रक्कम कमी झाली म्हणून गुन्हा संपला असे होत नाही. प्रकरण कोर्टात गेले तर मूळ कलमातली शिक्षा लागू होते.

सायरन ऐकू आला तर काय करायचे?

– आधी आरशात बघा, सायरन कुठून येतोय ते ओळखा. घाबरून एकदम ब्रेक मारू नका.
– इंडिकेटर देऊन शक्यतो डाव्या कडेला या, वेग कमी करा, गरज पडल्यास थांबा.
– डावीकडे जागाच नसेल तर सरळ एका रेषेत राहा. पुढचा चालक काय करणार हे ॲम्ब्युलन्सवाल्याला कळले पाहिजे.
– चौकात शिरण्याआधी सायरन ऐकू आला तर सिग्नल हिरवा असला तरी थांबा.
– ॲम्ब्युलन्सच्या मागे लागून वाट काढू नका. तिला मिळालेली मोकळी वाट तुमच्यासाठी नसते.

लाल सिग्नलचे काय?

ड्युटीवर असलेले, दिवा आणि सायरन चालू असलेले आपत्कालीन वाहन काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडू शकते. मोटार वाहन चालन विनियम 2017 मध्ये तशी मुभा आहे. ती त्या वाहनाला आहे, पुढच्या गाडीला नाही. म्हणून सिग्नलवर उभे असाल तर चौकात घुसण्याऐवजी कडेला सरकून जागा करा.

बीआरटीएस लेन

सुरतमध्ये 2014 साली उधना दरवाजा ते सचिन या मार्गावर बीआरटीएस सुरू झाली. या राखीव लेनमधून ॲम्ब्युलन्स आणि बंबही जातात. त्यामुळे खासगी गाडी या लेनमध्ये घातली की फक्त बस अडत नाही, रुग्णही अडतो. लेन ओलांडताना दोन्ही बाजूंना बघणे महत्त्वाचे आहे.

मिनिटांची किंमत

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यातच 'गोल्डन अवर' म्हटले आहे. या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आगीत तर हिशोब मिनिटांचा असतो. 24 मे 2019 रोजी सरथाणातील तक्षशिला इमारतीच्या आगीत 22 विद्यार्थ्यांचा जीव गेला, हे सुरत विसरलेले नाही.

हेच शहर वाट मोकळी करून देऊ शकते, हेही दिसले आहे. सप्टेंबर 2017 मध्ये सुरतमधल्या 14 महिन्यांच्या बालकाचे हृदय मुंबईला नेऊन एका चिमुकलीवर प्रत्यारोपण झाले. अशा वेळी पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात. रोजच्या 108 ॲम्ब्युलन्ससाठी मात्र पोलीस उभे नसतात. तिचा कॉरिडॉर समोरच्या चालकांनाच करावा लागतो.