मनाचे दुखणे आणि गावचा दवाखाना

मनोरुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत उभी राहते. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे एक. एवढ्या खाटा आपण कधी घालणार? तेव्हा वाट दुसरीच शोधावी लागली. १९७० नंतरच्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने जवळच्या सकलवारा गावी केंद्र काढले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व सेवकांना मनोविकार ओळखण्यास शिकवले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात तो प्रत्यक्ष चालवून पाहिला गेला. गोव्यात तर डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना दवाखान्यांत बसवले. या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांच्यामुळे अधिक रुग्णांना उतार पडला होता.

खाटांच्या तुटवड्यावर असा उपाय निघाला; वेळेचा तुटवडा मात्र अजून आहे. डोके दुखते म्हणून आलेल्या बाईला नुसती गोळी द्यायची, की झोप लागते का, घरी कसे आहे, हेही विचारायचे, हे बाहेरच्या रांगेवरून ठरू नये, एवढेच माझे मागणे आहे.