वंशावळ आणि कर्तृत्व : हबशी बांधवांचा इतिहास काय सांगतो?

आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘खानदान कोणते?’ हा प्रश्न अजूनही आधी विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी काय शिकली, याची चौकशी पुष्कळदा नंतर होते. खानदानाला किती महत्त्व द्यावे, याचा विचार करताना आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासातील हबशी लोकांची आठवण होते. आफ्रिकेतून आलेल्या या लोकांना आपण सिद्दी असेही म्हणतो.

आफ्रिका हे विशाल खंड आहे. तेथील सर्व समाजांची रीत एकच नाही. तथापि पूर्वजांची आठवण जपण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. इथिओपियात, म्हणजे जुन्या हबसाण देशात, आडनावाची पद्धत नाही. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि गरज पडल्यास आजोबांचे नाव लावतात. सोमाली घरांत पूर्वजांची नावे मुलांकडून पिढीवार पाठ करून घेतात. दोन अनोळखी माणसे भेटली की या नावांवरून त्यांना एकमेकांचे नाते कळते. पश्चिम आफ्रिकेतील मांडिंका लोकांत घराण्यांचा इतिहास मुखोद्गत ठेवणारे, आपल्याकडील भाटांसारखे गायक पिढ्यान्‌पिढ्या होत आले. घानातील अकान समाजात तर मूल आईच्या कुळाचे मानले जाते. जमीन, वारसा, विवाह, भांडणाचा निवाडा अशा अनेक गोष्टी कुळावर अवलंबून असत. ज्याला कुळ नाही, त्याची बाजू घेणारे कोणी नाही.

आता विचार करा, अशा समाजातले एखादे मूल पकडून परमुलखात विकले, तर त्याचे काय काय हिरावले जाते? आई-बाप जातात, भाषा जाते आणि शेवटी नावही जाते.

मलिक अंबरच्या बाबतीत हेच घडले. त्याचा जन्म सुमारे १५४८ साली इथिओपियात झाला. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने त्याचे मूळ नाव ‘चापू’ असे नोंदवून ठेवले आहे. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद अशा बाजारांतून फिरत तो दख्खनला आला. ‘अंबर’ हे नाव त्याला एका मालकाने दिले. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाला.

पुढचा इतिहास आपण शाळेत शिकतो. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा बुडू लागलेली निजामशाही अंबरने सावरली. मुर्तजा निजामशहाला तख्तावर बसवून आपली मुलगी त्याला दिली. १६१० साली खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने नहरीने पाणी खेळवले. जमिनीच्या प्रतीप्रमाणे सारा ठरवण्याची त्याची पद्धत नावाजली गेली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजांचा त्याने पराभव केला. पुणे व सुपे परगण्यांची जहागीर असलेल्या भोसले घराण्यातील शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले. १६२६ साली अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

ज्याला आजोबाचे नाव सांगण्याची सोय राहिली नव्हती, त्याने हे राज्य पंचवीस वर्षे पेलले. त्याचा मुलगा फतेहखान मात्र वजिराचा मुलगा म्हणून वाढला. वडिलांचे नाव, वाडा, फौज सारे त्याला आयते मिळाले. १६३३ साली त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. वारसा मिळणे एक आणि तो सांभाळणे दुसरे.

जंजिऱ्याच्या सिद्द्यांकडेही पाहा. सुरुवातीच्या काळात तेथील मुख्याची जागा मुलाकडे आपोआप जात नसे. आरमारातील मातब्बर सरदाराकडे ती जाई. वंशपरंपरेचा हक्क पुढे रुजला आणि त्याबरोबर वारसाचे तंटेही आले. अशाच एका तंट्यातून १७९१ साली पुण्याच्या पेशव्यांशी करार होऊन सुरतेजवळ सचिन हे वेगळे संस्थान निघाले. १९४८ साली दोन्ही संस्थाने विलीन झाली.

परंतु सगळेच सिद्दी नवाब झाले नाहीत. बहुसंख्य गरीबच राहिले. गुजरातेत रतनपूर येथे बाबा गोर यांची दर्गा आहे. हबसाणातून आलेल्या या संतांना तेथील सिद्दी आपले पूर्वज मानतात आणि त्यांच्या नावाने ढोलाच्या तालावर धमाल नाचतात. घरोघरची वंशावळ तुटली, तेव्हा सर्वांनी मिळून एक पूर्वज जपला! माणसाला आपले मूळ किती हवेसे असते, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता? कर्नाटकातील सिद्द्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची मुले आज शाळा-कॉलेजांत शिकत आहेत.

पालकबंधू-भगिनींनो, यातून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली, आपल्या घराचा शिजरा अवश्य लिहून ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत दादा-दादी, नाना-नानींजवळ वही घेऊन बसा. पूर्वज कोणत्या गावचे, काय धंदा करीत, पुण्यात केव्हा आले, पहिल्यांदा शाळेत कोण गेले, हे विचारा. शिजऱ्यात बहुधा पुरुषांचीच नावे असतात. तुम्ही दादी-नानींची नावेही लिहा. जुने निकाहनामे आणि शाळेचे दाखले जपून ठेवा. ही माणसे गेली की विचारायला कोणी उरत नाही.

दुसरी गोष्ट, हा शिजरा दुसऱ्याला मोजण्याची फूटपट्टी करू नका. हजरत बिलाल हे हबशी मातेचे पुत्र, गुलामीतून मुक्त झालेले. इस्लामचे पहिले मुअज्जिन होण्याचा मान त्यांना मिळाला. हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सोयरीक बघताना विसरतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी मॅट्रिक झाले असेल, त्या घराचा शिजरा तेथून सुरू झाला असे समजा, आणि त्या मुलाला किंवा मुलीला सन्मानाने आपल्या पंक्तीला बसवा.