हतबलतेची कुळकथा

पिंपळनेरवरून जाणाऱ्या पांझरा नदीच्या काठी बंधाऱ्याचं पाणी वाटून घेण्याची फडाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पाटकरी पाटावर नजर ठेवतो, बारेकरी शेताशेताला पाणी देतो, आणि बंधाऱ्यात पाणी कमी असलं की भिजायचं क्षेत्र सगळ्यांचंच घटवतात. फडामुळे दुष्काळ टळत नाही, पण तो वाटून कसा घ्यायचा हे गावाच्या हातात राहतं. संकट तेवढंच असताना एवढ्याने काय फरक पडतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत पन्नास वर्षं घोळला, आणि त्याचं पहिलं उत्तर चुकलं.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. एका गटातल्या कुत्र्याला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येई. दुसऱ्या गटातल्याला झटका तेवढाच, पण काही केलं तरी तो थांबत नसे. पुढे नुसती उडी मारून सुटता येत असतानाही या दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे झटके सोसत पडून राहिले. आपल्या करण्याने काही होत नाही हे ते शिकले, असं मानलं गेलं आणि ‘शिकलेली हतबलता’ पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

मायर पुढे कोलोरॅडोत उंदरांच्या मेंदूकडे वळले. झटका आवरता येत नसेल तर मेंदूच्या बुंध्यातल्या डॉर्सल राफे या भागातल्या पेशी सेरोटोनिनचा मारा करत राहतात, आणि नंतर काही दिवस जरा कशाने डिवचलं तरी भडकतात. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन, ही लाडकी समजूत इथे लंगडी पडते. २००५ साली चाक फिरवून झटका थांबवणाऱ्या उंदरांच्या कपाळामागचा मेंदूचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला गेला. उंदीर चाक फिरवत राहिले, झटकाही थांबत राहिला, पण नंतर ते हतबल उंदरांसारखेच वागले. म्हणजे नुसती सुटका पुरत नाही. ताबा आपल्याकडे आहे हे त्या भागाने हेरून राफेला गप्प करावं लागतं. २०१६ साली सेलिगमन आणि मायर यांनीच लिहिलं, की आपला सिद्धांत उलटा होता. लांबलेल्या त्रासापुढे निपचित होणं उपजतच असतं, शिकावा लागतो तो ताबा.

उंदरावरून शेतकरी ओळखू नये, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय नंतरच्या प्रयोगांत उंदरांच्या माद्यांना ताब्याचं हे कवच मिळालंच नाही, तेव्हा सरसकट नियम सांगण्याची घाई नको. आणि कांद्याचा भाव पडलेल्या माणसाला ‘मनावर ताबा ठेवा’ म्हणणं ही तर थट्टाच, कारण कवच मिळालं ते खरोखर फिरणाऱ्या चाकामुळे. पण आधी ताबा अनुभवलेले उंदीर पुढच्या न आवरणाऱ्या झटक्यांतही तगले, हेही मायर यांच्याच प्रयोगांतून निघालं. फडाच्या पाण्याचा हिशेब नुसत्या हेक्टरांत मांडणाऱ्यांनी ताब्याचा हा रकाना कोरा सोडला आहे.